आत माणूस हाय

रेंदवड्यात आग लागली की सगळ्यात आधी माणूस अडकतो. आगीत नव्हे, फोनवर. एकशे एक फिरवायचं आणि पहिल्याच श्वासात ओरडायचं, "आत माणूस हाय!" मग आत सुताची पोती असोत, कडबा असो, नाहीतर बंद दुकानातला फ्रिज. ही रीत कोणी पाडली ते कोणाला ठाऊक नाही. पण गावात बंब दोनच, त्यातला एक चढावर दम खाणारा, आणि गल्ल्या अशा की समोरून म्हैस आली तर बंबानंच मागं सरायचं. अशा गावात नुसतं 'आग लागलीय' म्हणणारा माणूस भोळा समजला जायचा. त्याच्याकडे बंब पोचायचा तो राख भिजवायला.

स्टेशन ऑफिसर प्रभावती हुल्ले हिला हे खोटं कानानं कळायचं. खरंच कोणी आत असलं की फोन करणाऱ्याला धड पत्ता सांगता येत नाही. तो त्या माणसाचं नाव घेत राहतो, रडतो, फोन टाकून पळतो. खोटं बोलणारा मात्र चौक, गल्ली, पिंपळाची खूण असं सगळं शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवतो. निम्मं आयुष्य हे ऐकण्यात गेल्यावर प्रभावतीचे कान तयार झाले होते. "खोटं दिसतंय रे," असं ती ड्रायव्हर इसाक मुजावरला म्हणायची. पण हे म्हणत असताना तिचे पाय बुटात गेलेले असायचे. खोटं, खोटं म्हणत ती बंबात चढायची आणि खोटं, खोटं म्हणत धुरात शिरायची. आत कोणी सापडायचं नाही. बाहेर आल्यावर ती मालकाला अशी झापायची की आगीपेक्षा तिचीच धग त्याला जास्त लागायची. पण ती गेली नाही, असं कधी झालं नाही.

जुने मुख्य अग्निशमन अधिकारी निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. एरवी अशा जागेसाठी मुलाखत व्हायची, चहा व्हायचा आणि कोणातरी नगरसेवकाचा मेव्हणा पुढं यायचा. पण त्या वर्षी लहान शहरांना नवा नियम लागू झाला. बंब कुठं जाणार हे आता माणूस ठरवणार नव्हता. पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर एक यंत्र येऊन बसलं. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. कर्मचारी त्याला 'पंच' म्हणू लागले.

पंच उगाच आला नव्हता. उन्हाळे चढत चालले होते, घरोघरी गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज होत होत्या, आणि एकाच दुपारी दोन-दोन ठिकाणी पेट घेऊ लागला होता. बंब दोन, हाका चार. अशा वेळी भांबावलेला माणूस जवळच्याकडे धावतो, ओळखीच्याकडे धावतो, जो जास्त ओरडतो त्याच्याकडे धावतो. पंच भांबावत नाही. वाऱ्याची दिशा, रस्त्यातली गर्दी, फोनवरचा आवाज, इमारतीचं वय असं सगळं पापणी लवायच्या आत जोखून तो हुकूम सोडतो. बंबातल्या पडद्यावर हिरवा बाण उमटला की निघायचं, नाही उमटला तर थांबायचं.

अडचण एकच होती. कोणाला आधी वाचवायचं हे काही गणित नाही, ते मत आहे. यंत्राला मत नसतं. ते कोणाकडून तरी घ्यावं लागतं. ते नव्या प्रमुखाकडून घ्यायचं, असं ठरलं. म्हणजे खुर्चीसाठी निवड व्हायची ती माणसाची कमी आणि त्याच्या अग्रक्रमांची जास्त. एकदा ते पंचात उतरले की प्रमुख झोपला काय नि जागा राहिला काय, गावात हुकूम त्याच्याच मनाचा चालणार.

उमेदवार दोघं उरले होते. एक धारवाडकर, मोठ्या शहरातून आलेले, नुकसान कमीत कमी ठेवण्याचं शास्त्र शिकलेले. त्यांच्या हिशेबात मागवाडी बसतच नव्हती. मागवाडी म्हणजे गावाचा पश्चिमेकडचा भाग. पत्र्याच्या शेडांत दाटीवाटीनं बसवलेले यंत्रमाग, जुने, विम्याशिवायचे. जिथं जळण्याजोगं मोलाचं काही नाही तिथलं अग्निशमन केंद्र बंद करून बंब बाजारपेठेत आणावा, असं त्यांनी अर्जातच लिहिलं होतं.

दुसरी प्रभावती. मुख्याधिकारी सरंजामे यांनी तिला विचारलं, "तुमचे अग्रक्रम काय, हुल्लेबाई?"

"आधी जीव, साहेब. जीव कुणाचाबी असू दे. मागवाडीचं केंद्र हाय तिथंच ठेवायचं. गल्लीत शिरंल असा ल्हान बंब घ्यायचा. आणि माझ्या पोरांना बूट."

"बुटांचं नंतर बघू," साहेब म्हणाले.

चाचणी घ्यायला पुण्याहून कौमुदी आगाशे नावाची तरुण अभियंता आली होती. तिनं प्रभावतीच्या कानांना हेडफोन लावले आणि समोर दोन बटणं ठेवली.

"मॅडम, जीव महत्त्वाचा की माल असं विचारलं तर कोणीही जीवच म्हणेल," ती म्हणाली. "म्हणून पंच तसं विचारतच नाही. तो तुम्हाला दोन फोन ऐकवेल, आपल्याच नोंदीतले, खरेखुरे. बंब एकच आहे असं समजायचं आणि एक निवडायचा. एक निवड म्हणजे तराजूत टाकलेलं एक वजन. अशी शेकडो वजनं पडली की काटा कुठं झुकतो ते दिसायला लागतं. कुठल्या शब्दाला, कुठल्या आवाजाला, कुठल्या वस्तीला तुम्ही मनात किती मोल देता हे तुम्हालाही सांगता येणार नाही, पण निवडीत ते आपोआप उतरतं."

"आणि मला ठरवता आलं न्हाई तर?"

"तेही उत्तरच. बोट चटकन गेलं म्हणजे खात्री, अडखळलं म्हणजे शंका. पंच दोन्ही मोजतो."

नवी सून सासूला मिठाचं प्रमाण विचारत बसत नाही. सासूच्या चिमटीकडे बघून शिकते. पंचाचं शिकणं त्याच जातीचं होतं. त्याला प्रभावतीची तत्त्वं नको होती, चिमूट हवी होती.

चाचणी संपली तेव्हा कौमुदीच्या चेहऱ्यावर हसू होतं. "मॅडम, तुमच्या अग्रक्रमांत जीव सगळ्यात वर आहे. माल तर जवळजवळ नाहीच. असं मी कुठल्याच गावात पाहिलं नाही."

प्रभावतीला आनंद झाला. तो तिनं लपवला नाही. जिना उतरताना इसाकला चहा पाजला.

घरी नवरा वाट बघत होता. मलाप्पा हुल्लेचे मागवाडीत चार माग होते. माणूस कष्टाळू, मऊ बोलणारा, सणाला बायकोसाठी स्वतः निवडून लुगडं आणणारा. या संसाराला दृष्ट लागावी असं सगळं होतं, आणि ती लागली होतीच. प्रभावती साधी फायरमन होती तेव्हा मलाप्पाच्या शेडला आग लागली होती. त्यानं रीतीप्रमाणे फोन केला, "आत दोघं हायत!" बंब आला. प्रभावतीच्या पथकातला तातोबा शिंत्रे त्या दोघांना शोधायला आत गेला. ते दोघं कधी नव्हतेच. तातोबावर पत्रा कोसळला. माग मात्र वाचले.

"सगळेच म्हणत्यात गं," एवढंच मलाप्पा तेव्हा म्हणाला होता. पुढं त्यानं तातोबाच्या मुलीचं लग्न अंगावर घेऊन लावून दिलं. प्रभावती त्याला सोडून गेली नाही. फक्त त्या दिवसापासून तिला त्याचं काही खरं वाटेनासं झालं. तो जेवलो म्हणाला तरी ती उठून भाताचं पातेलं उघडून बघायची. त्याला ते दिसायचं. तो काही म्हणायचा नाही.

"झाली परीक्षा?" त्यानं विचारलं.

"झाली. चांगली झाली. आता पंच आठवडाभर माझ्या मनापरमानं गाव चालवून बघणार."

"मग मागवाडीचं केंद्र राहतंय म्हणायचं."

"मी लागले तर. तो धारवाडकर लागला तर पाटी उतरवली म्हणून समजा."

"तूच लागणार. मी देवाला नारळ बोललोय."

"जेवलात?"

"जेवलो."

ती स्वयंपाकघरात गेली. मलाप्पानं पातेल्याच्या झाकणाचा आवाज ऐकला आणि टीव्ही थोडा मोठा केला.

आठवडा बरा चालला. उमेदवारानं नियंत्रण कक्षात बसून फक्त बघायचं होतं. टेबलावर एक लाल बटण होतं. ते दाबलं की पंचाला बाजूला सारून बंब कुठंही धाडता यायचा. "पण ते यंत्र बंद पडलं तरच," कौमुदीनं बजावलं होतं. "तुमचेच अग्रक्रम चालू असताना तुम्ही ते दाबलंत, तर समिती म्हणेल की उमेदवाराचं स्वतःशीच जमत नाही. मग नेमणूक धारवाडकरांची."

शेवटच्या दिवशी, दुपारच्या उन्हात, बाजारपेठेतल्या एका इमारतीतून फोन आला. तिसऱ्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग, मुलं गच्च भरलेली, खोलीत धूर. पंचानं बाजारातला बंब ताबडतोब सोडला आणि मागवाडीतल्या दुसऱ्या बंबाला तयार राहायला सांगितलं. प्रभावतीनं मान हलवली. तिनंही हेच केलं असतं.

तेवढ्यात दुसरा दिवा लागला. मागवाडी. पडद्यावर फोन करणाऱ्याचं नाव उमटलं. मलाप्पा.

फोनवरचं बोलणं पंच ऐकत होता आणि तीही ऐकत होती. "मलाप्पा हुल्ले बोलतोय. मागवाडी, तिसरी गल्ली, मारुतीच्या देवळामागची पत्र्याची शेड. वायरीनं पेट घेतलाय. कापसाच्या लवेमुळं आढ्यापतूर गेलाय. मागच्या खोलीत कांड्या भरणारी बाई हाय. काशव्वा. आत माणूस हाय." सावकाश, स्पष्ट, एकेक शब्द नीट ठेवून.

पडद्यावर पिवळी अक्षरं आली: प्रतीक्षा.

"परतीक्षा म्हंजे?" प्रभावती उठून उभी राहिली. "कौमुदी, तिथला बंब मोकळा हाय की! त्याच गल्लीच्या तोंडाला उभाय!"

कौमुदीची बोटं भराभर चालली. "शिकवणीच्या वर्गासाठी राखून ठेवलाय, मॅडम. आग वरच्या मजल्यावर पोचली तर दुसरा लागेल म्हणून. मुलं खूप आहेत."

"पण हितं माणूस आत हाय म्हणतोय! माझ्या अग्रक्रमांत जीव वर हाय ना?"

"आहेच. पण जीव आहे यावर पंचाचा विश्वास बसायला हवा." कौमुदीनं एक खिडकी उघडली आणि तिचा आवाज खाली गेला. "मागवाडी. मालकाचा स्वतःचा फोन. पत्ता व्यवस्थित. 'आत माणूस आहे' हे वाक्य. या चार गोष्टी एकत्र आल्या की विश्वास जवळजवळ शून्य. मॅडम, हे तुमच्याकडूनच आलंय."

"मी असं कवाच बोलले न्हाई!"

"बोलला नाहीत. प्रत्येक वेळी थांबला होतात. आणि मग दुसरा फोन निवडलात."

"अगं, पण मी जात होते की! खोटं वाटलं तरी जात होते. इसाकला विचार. एकदाबी न जाता राहिले न्हाई!"

कौमुदीचे डोळे भरून आले. "जाणं चाचणीत नव्हतं, मॅडम. चाचणीत फक्त निवडायचं होतं."

पंचाला तिचा संशय मिळाला होता आणि तिचे पाय मिळाले नव्हते. माणसात ही दोन्ही एकाच कातडीत नांदतात, म्हणून माणूस परवडतो. यंत्रानं त्यातलं एक उचललं आणि गावाचा कायदा करून टाकला. आणि चूक कोणाची म्हणावी? चाचणी प्रामाणिक होती, उत्तरंही प्रामाणिक होती.

प्रभावतीनं फोन स्वतःकडे घेतला. "अहो."

"प्रभा?" मलाप्पाचा आवाज हलला, मग त्यानं तो पुन्हा सरळ केला. "बंब निघाला न्हाई अजून. गल्लीच्या तोंडाला दिसतोय मला. इसाक पडद्याकडं बघत बसलाय."

"आत कोण हाय?"

"काशव्वा. तिला ऐकू येत न्हाई, तुला म्हाईत हाय. मागाच्या खडखडाटानं कान गेल्यात तिचं. मी हाका मारल्या, तिला कळंनाच. मधी सगळं पेटलंय."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

तिनं डोळे मिटले. हा आवाज तिला पाठ होता. पत्ता नीट, खूण नीट, शब्द जागच्या जागी. आपल्यावर तिचा विश्वास नाही हे ठाऊक असल्यामुळेच तो इतकं जपून बोलत होता, आणि जपून बोलत होता म्हणूनच तिला ते खोटं वाटत होतं. चार माग जळत होते. घर त्याच मागांवर उभं होतं. तातोबाला पत्र्याखालून काढला तेव्हा तिनं त्याचे पाय धरले होते. लाल बटण हाताशी होतं. ते दाबलं आणि आत कोणी नसलं, तर मागवाडीचं केंद्र गेलं, पुढच्या सगळ्या खऱ्या हाकांसकट. आणि बाजारात मुलं होती.

"प्रभा, ह्या खेपेला खरंच हाय गं," तो म्हणाला.

ती गप्प राहिली. किती वेळ, ते पंचाच्या नोंदीत आहे. तिनं ते कधी विचारलं नाही.

"बरं," मलाप्पा म्हणाला. रागावून नाही, पातेल्याच्या झाकणाच्या आवाजाला तो कधी रागावला नव्हता, तसाच. "ऱ्हाऊ दे. मीच जातो."

"थांबा! अहो, थांबा तिथंच!"

फोन चालू होता, पण त्यात आता फक्त तडतड होती. प्रभावतीनं बटणावर मूठ आपटली. हिरवा बाण उमटला. ती जिन्यावरून कशी उतरली, कोणाच्या गाडीवर बसली, हे तिला पुढं आठवेना.

ती पोचली तेव्हा इसाक पाणी मारत होता आणि पोरं पत्रा उचकटत होती. शेडच्या मागं, भिंतीच्या कडेला, काशव्वा बसली होती. केस करपलेले, पदर भिजलेला, हात सोलून निघालेले. मागची खिडकी उखडलेली होती; त्यातून कोणीतरी तिला बाहेर ढकललं होतं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, म्हणून ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होती, "मालक आत हाय! बाई, आत माणूस हाय! मालक आत हाय!"

प्रभावतीनं पाठीवर हवेचा सिलिंडर चढवला आणि आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती खोटं, खोटं न म्हणता आत गेली. तो खिडकीपाशीच होता. वरून पेटलेलं आढं पडलं होतं. तिनं त्याला बाहेर आणलं, गल्लीच्या मधोमध ठेवलं आणि त्याच्या छातीवर दाब देत राहिली. इसाकनं तिला हात धरून उठवलं तेव्हा ती म्हणत होती, "गाडी पाठवलीय हो. पाठवलीय."

बाजारातल्या इमारतीत एक जुना एसी धुपला होता. मुलं कधीच जिन्यानं उतरून खाली आली होती. दुसरा बंब तिथं लागलाच नसता.

मलाप्पाला माती दिल्यानंतर काही दिवसांनी सरंजामे साहेब घरी आले. सोबत कौमुदी होती. काशव्वा उंबऱ्यात बसून होती. त्या दिवसापासून ती तिथंच बसायची, कोणी उठ म्हटलं तरी उठायची नाही. साहेबांनी चपला काढल्या आणि जे सांगायला आले होते ते सांगितलं.

"समितीनं तुमचं नाव पक्कं केलंय, हुल्लेबाई. बटणाचा दोष धरलेला नाही. उलट ते योग्यच ठरलं, आत खरोखर माणूस होता. आणि धारवाडकरांचे अग्रक्रम घालून तीच दुपार आम्ही पुन्हा चालवून पाहिली. त्यांच्या पंचानं मागवाडीला बंब पाठवलाच नसता. म्हणजे सगळी गल्लीच गेली असती."

"म्हंजे त्यातल्या त्यात मी बरी," प्रभावती म्हणाली.

"मागवाडीचं केंद्र राहील. लहान बंबही मंजूर करून घेतो. आणि बूट."

मागितलेलं सगळं मिळालं होतं. तिला ते नको म्हणावंसं वाटलं. पण तिनं नको म्हटलं तर खुर्ची धारवाडकरांची, आणि हो म्हटलं तर मागवाडीच्या प्रत्येक हाकेवर तिचा स्वतःचा संशय पहारा देत बसणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

"त्या पंचानं ह्यातनं काय शिकलं का?" तिनं कौमुदीला विचारलं.

"शिकला, मॅडम. हाक खरी निघाली, हे त्याला कळलंय. विश्वास थोडा वाढलाय."

"थोडा?"

"एका खऱ्यानं इतक्या वर्षांची खोटी पुसली जात नाहीत."

"माझ्या घरातबी न्हाई पुसली गं," प्रभावती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. काशव्वाला काही ऐकू आलं नाही. पण तिनं वळून पाहिलं आणि तीही रडू लागली.

खुर्चीवर बसण्याआधी प्रभावतीनं एकच अट घातली. चाचणी पुन्हा घ्यायची. जुनी वजनं काढून टाकायची आणि नवी घालायची. "आता मला कळलंय," ती म्हणाली. "आता मी थांबणार न्हाई. कुणीबी आत माणूस हाय म्हणू दे, माझं बोट जाणार."

पुन्हा तीच खोली, तीच दोन बटणं. फोन येत गेले. सराफकट्टा, दवाखाना, बसस्थानक. तिचं बोट सरसर जात होतं. मागवाडीतला एक मालक, खोटा, गेलं. दुसरा, त्याहून खोटा, गेलं. कौमुदीच्या चेहऱ्यावर आशा दिसू लागली.

मग कानात आवाज आला. "मागवाडी, तिसरी गल्ली, मारुतीच्या देवळामागची पत्र्याची शेड."

कौमुदी दचकून उठली. खरी ठरलेली प्रत्येक हाक पंच स्वतःहून आपल्या प्रश्नांत घालतो, हे तिला ठाऊक होतं. ऐन वेळी लक्षात आलं नव्हतं. ती यंत्र थांबवायला धावली. प्रभावतीनं दुसऱ्या हातानं तिला अडवलं.

"मागच्या खोलीत कांड्या भरणारी बाई हाय. काशव्वा. आत माणूस हाय."

ही हाक खरी होती हे प्रभावतीइतकं जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. ती हाक देणाऱ्याला तिनं स्वतःच्या हातांनी धुरातून बाहेर आणलं होतं. उत्तर तिच्याजवळ होतं, काशव्वा तिच्या उंबऱ्यात बसली होती. आणि तरीही, त्या सावकाश, नीट, जपून बोलणाऱ्या आवाजाच्या पहिल्या शब्दाला, तिला काही कळायच्या आत, आतून कोणीतरी म्हणालं: खोटं. बोट हवेत राहिलं. क्षणभरच. मग तिनं बटण दाबलं, इतक्या जोरात की टेबल हललं.



"वाढला का इस्वास?" तिनं विचारलं.

कौमुदीनं पडद्याकडे पाहिलं. खोटं सांगावं असं तिच्या मनात येऊन गेलं असेल. पण ती त्या गावची नव्हती. "नाही, मॅडम. तेवढाच आहे."

"पुन्हा लाव."

"मॅडम, आज पुरे. आपण उद्या—"

"त्यांचाच आवाज लाव. दुसरं काय नको. जवर माझं बोट थांबायचं बंद होत न्हाई, तवर लाव."

कौमुदीनं पुन्हा लावला. मलाप्पा पुन्हा पत्ता सांगू लागला, आणि प्रभावती बटणावर बोट धरून, डोळे घट्ट मिटून, आपल्या नवऱ्यावर विश्वास ठेवायची खटपट करू लागली.